जनावर नसेल तर खोली नाही

कोल्हापुरात भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक आधी गाव विचारतो, मग नोकरी, मग घरात माणसं किती, आणि मग हळूच, मटण खाता का. या सगळ्यांतून आम्ही सहीसलामत पार पडायचो आणि नेमके शेवटी आपटायचो. "ते कुत्रं कुणाचं?" आमचं म्हटलं की मालकाला एकदम आठवायचं, की खोली पुतण्याला द्यायचं आधीच ठरलंय. कोल्हापुरात इतके पुतणे असतील असं मला त्याआधी वाटलं नव्हतं.

आमच्या कुत्र्याचं नाव सरपंच. गावठी, गुळाच्या रंगाचं, आणि दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे, म्हणून ते नाव. मी शाळेत शिकवून यायची, नवरा फौंड्रीतून यायचा, आणि संध्याकाळी आम्ही तिघं पायी खोल्या शोधत फिरायचो. अशाच एका संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या एका बोळात ती पाटी दिसली. पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहिलेली. "खोली देणे आहे. जनावर नसेल तर नाही." कुणीतरी चेष्टा केली असणार म्हणून नवरा पुढं निघाला होता. मीच कडी वाजवली.

दार उघडलं ते एका वाळक्या म्हाताऱ्यानं. अर्ध्या बाह्यांची बंडी, पांढरा पायजमा, गळ्यात लिंगायतांचं लिंग. आमच्याकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. सरपंचाकडं पाठ करून तो उंबऱ्यातच फरशीवर मांडी घालून बसला आणि समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. आम्ही उभे. सरपंचानं त्याची मान हुंगली, कान हुंगला, बंडीचा काठ चाटला आणि शेवटी त्याच्या पाठीला पाठ लावून निवांत बसकण मारली. आमच्या कुत्र्यानं परक्या माणसाला इतक्या लवकर पास केलेलं आम्ही कधी बघितलं नव्हतं.

"हां, आता बोला पावणं," म्हातारा म्हणाला. "आज शी कशी झालती?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "कुणाची?"

"तुमची सांगायची असंल तर ती बी सांगा. मी याची इचारली."

हे आमचे मालक. त्यांना नावानं हाक मारणारं त्या बोळात कुणी नव्हतं. आम्ही भाडेकरू 'मालक' म्हणायचो आणि बाकीचे लोक चिडवायला 'डाक्टर'. डाक्टर म्हटलं की ते खवळायचे. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करायच्या नोकरीवर होते आणि त्याच नोकरीतून निवृत्त झाले होते. "डाक्टर सुई मारतो, मी शिंगं धरतो. डाक्टर चुकला तर जनावर मरतंय, मी चुकलो तर डाक्टर मरतो," असं ते सांगायचे. मूळचे शिरोळकडचे, कर्नाटकाच्या अगदी काठावरचे. घरात कानडी, दारात मराठी. प्रत्येक कुत्र्याला, बोक्याला ते 'तम्मा' म्हणायचे, आणि मादी असली की 'तंगी'. म्हणजे धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण. माणसांना मात्र वर्षभर 'पावणं'. मला 'अक्का' म्हणायला त्यांनी पुढची दिवाळी उजाडू दिली.

त्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी सरपंचाचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला आणि मला म्हणाले, "स्वतःची हिरडी आरशात बघितलीसा कवा? तशी गुलाबी पायजे. बोटानं दाबा, पांढरी हुतीया, सोडा, परत गुलाबी. रोज बघायचं. पांढरीफटक दिसली तर माझ्याकडं याचं न्हाय, तडक दवाखाना." मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन जागेवर गेली. "पाणी पितोय बरं. कातडी तंबूगत उभी ऱ्हायली की समजायचं, आत दुष्काळ हाय." मग त्यांनी लशीचं कार्ड मागितलं. ते कुठल्यातरी पिशवीत असेल, आणि गेल्या वर्षीची लस बहुतेक राहिली असेल, असं मी चाचरत सांगितलं. मालकांनी हातात काढलेली चावी बंडीच्या खिशात परत टाकली. "बहुतेक म्हंजे न्हाय. लस करून या, मग बोलू."

आम्ही दुसऱ्या दिवशी लस करून आलो. भाडं किती, हे नवऱ्यानं स्वतःहून विचारेपर्यंत त्यांना सुचलंही नव्हतं. कार्ड मात्र त्यांनी मागून घेतलं आणि विजेच्या मीटरशेजारी खिळ्याला अडकवलं. तिथं सगळ्या बिऱ्हाडांची कार्डं ओळीनं लटकत होती. येताजाता नजरेसमोर.

मालकांच्या वागण्याला वेड म्हणायचं की विद्या, हे पहिले काही महिने मला ठरवता येत नव्हतं. एकदा सरपंच जिना चढत होता, मालक आत भाजी निवडत होते. आतूनच ओरडले, "पावणं, मागच्या डाव्या पायात बघा!" मी बघितलं. बोटांच्या बेचक्यात तुरीएवढी गोचीड. मी रोज त्याला कुरवाळत होते आणि मला दिसली नव्हती. मालकांनी पायांचा आवाज ऐकला होता. तीन पाय एका सुरात आणि चौथा जरा मागून, म्हणाले. कान तर ते नाकानंच तपासायचे. वाकून हुंगायचे आणि सांगायचे, "ताकाचा वास मारालाय. आंघोळीत पाणी गेलंय. पुसत न्हाय तुमी." आणि आमच्या घरात दर रविवारी हौसेनं घातल्या जाणाऱ्या शांपूच्या आंघोळीवर बंदी आली.

एप्रिलात अकरा वाजता बोळातून एक गृहस्थ आपलं केसाळ, महागडं कुत्रं फिरवत चालले होते. मालक गॅलरीतून खाली आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"पावणं, चपला काढा."

"का ओ?"

"काढा तर."

गृहस्थांनी काय समजून काढल्या देव जाणे. डांबरावर पाय टेकले आणि थयथय नाचायला लागले. "आता त्याला इचारा, त्येच्या चपला कुठं हाईत," मालक म्हणाले आणि कुत्र्याला उचलून सावलीत घेऊन गेले. तो गृहस्थ शिव्या देत गेला. पण दुसऱ्या दिवसापासून त्याला मी सकाळी सहा वाजता कुत्रं फिरवताना बघत होते.

खरी कसोटी रविवारी. मालकांनी जन्मात मटण तोंडात घातलेलं नव्हतं, पण कुणाच्या घरी पातेलं चढलंय, कुणाच्या रश्श्यात कांदा जास्त पडलाय, हे त्यांना गॅलरीत बसून कळायचं. साडेबाराला जेवणं सुरू झाली की त्यांचा आवाज आख्ख्या बोळात घुमायचा. "शिजल्याली हाडं हाईत ती! कुत्र्याला घालू नका! मोडली की सुया हुत्यात, आतडं फाडत्यात! आन रस्सा बी न्हाय, कांदा-लसूण रक्त जाळतंय त्येचं!" लोकांना ते लागायचं. आपण जे खातो तेच कुत्र्याला मायेनं घालतो, यात चूक ती काय? कोल्हापुरात पाहुण्याला जितका आग्रह होतो तितकाच दारच्या कुत्र्याला. मालकांचं त्यावर एकच उत्तर. "मायेनं मारू नका."

खालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या मांजरीला ताप आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या तापाची गोळी अर्धी करून दुधात चुरली. मालकांना कसं कळलं कोण जाणे, अनवाणी धावत गेले आणि ती वाटी त्यांनी सरळ मोरीत भिरकावली. "माणसाची गोळी मांजराला म्हंजे इख हाय, तंगे!" त्या घाईत बाईंनाच तंगी म्हणाले. बाई आठ दिवस बोलल्या नाहीत. मांजर दवाखान्यात जाऊन बरी झाली आणि मालकांच्या गॅलरीत झोपायला लागली. इतक्या टोकाला हा माणूस का जातो, जगाची जनावरं म्हणजे याच्याच गळ्यातला धोंडा का, असं मी एकदा नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, रिकामा माणूस आहे.

बोळाच्या तोंडाशी एक तालीम होती, आणि तालमीचे वस्ताद आमच्या समोरच राहायचे. सत्तरीला टेकलेले, तरी मान बैलासारखी. मालकांना 'डाक्टर' म्हणून चिडवण्यात त्यांचा पहिला नंबर. तालमीच्या दारात एक तांबडं कुत्रं पडलेलं असायचं. त्याला सगळे तांबू म्हणायचे. पैलवानांचं उरलेलं दूध पिऊन तेही पैलवान झालं होतं. त्याच्या लशीसाठी मालक वस्तादांच्या मागं लागलेले मी स्वतः ऐकले होते आणि वस्तादांनी 'उद्या बघू' म्हटलेलंही ऐकलं होतं.

मालक दोन दिवस जयसिंगपूरला बहिणीकडं गेले होते. सोमवारची सकाळ. तांबू तालमीसमोर उभं होतं आणि त्याचा खालचा जबडा लोंबत होता. तोंडातून लाळेच्या तारा. पाण्याच्या भांड्यात तोंड घालत होतं, पण घोट उतरत नव्हता. भुंकायला गेलं तर घोगरा, फाटका आवाज. काल रविवार झालेला. बघणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य निघालं. हाड अडकलंय.

"नळी टाकली कुणीतरी," वस्ताद म्हणाले. "बसली नरड्यात."

नवरा रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्याला कुणाचं दुखणं बघवत नाही. तो गुडघ्यावर बसला, वस्तादांनी दोन्ही हातांनी जबडा फाकवला आणि नवऱ्यानं हात घशापर्यंत घातला. हाड लागलं नाही. मग वस्तादांनी आपला हात घालून बघितला. "आत सरकलं असंल," असं ठरलं. तांबू झोकांड्या खात तालमीच्या मागं जाऊन पडलं. नवऱ्यानं हात पँटला पुसला, घरी येऊन पोहे खाल्ले आणि झोपला. फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाच्या बोटांवर खरचटल्याच्या खुणा कायमच्याच असतात. मला अभिमान वाटला होता त्याचा. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, आणि अकरा वाजता मालक पिशवी घेऊन आले तेव्हा मी जिन्यातच त्यांना कौतुकानं सगळं सांगितलं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कुणाकुणाचा हात गेलता?"

मालक नेहमी ओरडूनच बोलायचे. त्या दिवशी ते इतकं हळू बोलले की ऐकायला मला दोन पायऱ्या खाली उतरावं लागलं. ते तालमीमागं गेले, लांबूनच उभं राहून बघितलं आणि परत आले.

"हाड न्हाय ते, अक्का. जबडा लुळा पडलाय. पिसाळलंय ते."

"अहो पण ते शांत आहे. कुणाला चावलंसुद्धा नाही."

"एकेक शांतच असतंय. त्येच वाईट. चावरं असलं की माणूस लांब पळतो. ह्येच्या तोंडात हात घालतो."

नवऱ्याला त्यांनी झोपेतून उठवलं, मोरीत नेलं आणि नळाच्या धारेखाली त्याचे हात धरले. साबण लावायचा, धुवायचा, परत लावायचा. पंधरा मिनिटं. घड्याळ बघत. नवरा अर्धवट झोपेत कुरकुरत होता, "मला चावलंय कुठं?"

"लाळ लागली न्हवं? कातडी फुटल्याली हाय न्हवं? बास झालं."

रिक्षात मी दोघांच्या मध्ये बसले होते. त्या पोह्यांची, त्या पँटची, मी दिलेल्या शाबासकीची मला इतकी भीती वाटत होती की रडूही येत नव्हतं. सरकारी दवाखान्यात मालकांनी डॉक्टरांना स्वतः सगळं सांगितलं, चावा नाही पण जखमेत लाळ गेलीय, असं दोनदा सांगितलं. लस दिली, जखमांत सीरम दिलं. तोपर्यंत ते उभेच होते. पुढच्या सुयांच्या तारखा त्यांनी पाठ केल्या आणि घरी आल्यावर नवऱ्याचं कार्ड मीटरशेजारी सरपंचाच्या कार्डाखाली अडकवलं. कधी नव्हे ते आम्ही हसलो नाही.

मग ते घरोघर गेले. कुणाच्या हाताला तांबूनं चाटलं होतं, कुणी त्याचं भांडं घासलं होतं, कुणाला ओरखडा होता, सगळं विचारत. लोकांनी त्यांना दारातून पिटाळलं. आमच्या कुत्र्याला पिसाळलेलं म्हणतो, म्हणून तालमीतल्या पैलवानांनी अंगावर धावून जायचंही बाकी ठेवलं नाही. महापालिकेला फोन करून त्यांनीच बोलावलं, तोवर तालमीमागच्या वाटेला फळ्या लावून तिथं लांब बसून राहिले. तांबू दुसऱ्या दिवशी पहाटे गेलं. नमुना तपासायला पाठवला होता, पण तो नासलेला निघाला, नक्की काही सांगता येत नाही, असं उत्तर पुढं पंधरा दिवसांनी आलं. म्हणजे बोळाला पुरावा हवा होता तो मिळालाच नाही.

तीन घरांतली माणसं सुया घ्यायला गेली. वस्ताद गेले नाहीत.

"आख्खं आयुष्य कुत्री बघालोय मी. मला सुई टोचून घेऊन तालमीत तोंड दाखवू व्हय?"

तांबू गेलं त्याच मंगळवारी सकाळी मालक त्यांच्या पायरीवर जाऊन बसले. ऊन चढलं तरी उठले नाहीत. वस्ताद त्यांना ओलांडून बाहेर गेले, ओलांडून आत आले. "उठा ओ डाक्टर, लोक हसालेत." मालकांनी नुसती मांडी बदलली. एक वाजता मी शाळेतून येऊन भाकरी-भाजी बांधून त्यांना द्यायला गेले. त्यांनी डबा मांडीवर ठेवला आणि न उघडताच बोलायला लागले. माझ्याशी नव्हे. आत कॉटवर बसलेल्या वस्तादांशी.

"बिद्रीकडं होतो मी. नवी नोकरी. एक शेतकरी कुत्रं घेऊन आला, पोत्यात गुंडाळून. जबडा असाच लोंबालेला. डाक्टर सायेब दौऱ्यावर गेलते. मी बघितलं आन म्हणालो, हाड हाय. त्येनं जबडा धरला, मी हात घातला. गावंना. मग मी धरला, त्येला म्हणालो, तुमचा हात बारीक हाय, तुमी घाला. सांजच्याला सायेब आलं, कुत्र्याकडं बघितलं आन मला बडवायचंच बाकी ठेवलं. लगीच माझ्या पोटात सुया सुरू. चौदा. सायेब म्हणालं, त्या माणसाला कळव. मी म्हणालो, कळवतो."

त्यांनी डबा मांडीवरून पायरीवर ठेवला. वस्ताद आतून म्हणाले, "मग?"

"न्हाय कळवलं. गाव चार कोसावर. रोज म्हणायचो, उद्या जातो. मीच हाड हाय म्हणालतो न्हवं. कुठल्या तोंडानं जाऊ? आन चावलं तर न्हवतंच त्येला. काय हुतंय, म्हटलं."

बोळात त्या वेळी कुणीच नव्हतं. मालकांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं होतं.

"अडीच महिन्यांनी त्येची बायको आली दवाखान्यात. म्हशीचं औषध न्यायला. कपाळ मोकळं. मला वळखलं तिनं. हात जोडलं आन म्हणाली, आमच्या कुत्र्यासाठी लई केलतंसा तुमी."

वस्तादांनी पाय कॉटवरून खाली सोडले. मग उठले, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, पायरीवरून मालकांना हाताला धरून उठवलं आणि मला म्हणाले, "अक्का, कोपऱ्यावर रिक्षा मिळती का बघा." मी पळत गेले.

सगळ्यांच्या सुया पूर्ण झाल्या. कुणालाही काहीही झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हटल्यावर बोळाला वाचा फुटली. साध्या हाडापायी म्हाताऱ्यानं आख्खी गल्ली टोचून घेतली, उगाच भ्या घातलं, असं लोक मालकांच्या तोंडावर बोलायचे. मला संताप यायचा. माझा नवरा रात्रपाळीला जात होता, येत होता, पोहे खात होता, आणि हे कुणामुळं ते मला माहीत होतं. देवासमोर हात जोडताना मला आधी तो वाळका म्हातारा आठवायचा, ते मी कुणाला सांगितलं नाही. मालक मात्र लोकांची बोलणी मान डोलवत ऐकून घ्यायचे, जणू काही कुणी त्यांचा सत्कार करतंय.

वस्तादांनी ती गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. पण त्या दिवसापासून पहाटे तालमीला जाताना ते आमच्या घराखाली थांबायचे आणि वर बघून ओरडायचे, "ओ डाक्टर! हाय मी अजून!" आख्खी आळी जागी व्हायची. लोकांना वाटायचं, चिडवतायत. मालक तोवर गॅलरीत कठडा धरून उभे असायचे, कधीकधी अर्धा अर्धा तास आधीपासून. आवाज आला की त्यांच्या हाताची पकड सैल व्हायची, आणि डाक्टर म्हटल्याचा राग न धरता ते खाली वाकून म्हणायचे, "उद्या बी सांगा."